रुस्तम-ए-जमाँ गामा : ५,००० बैठकांमागचा हिशोब

मोबाईलवर एक रील सध्या आपल्या पोरांमध्ये बरीच फिरते आहे. जुना काळा-पांढरा फोटो, मिशीवाला रुंद छातीचा पहिलवान, मागे ढोलाचा आवाज आणि वर एकेक करून येणारे आकडे. रोज ५,००० बैठका, ३,००० जोर, १५ लिटर दूध, ३ किलो बदाम. फोटो गामा पहिलवानांचा असतो. रील पाहून पोरं त्याच संध्याकाळी कामाला लागतात, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात बाकावरून उठताना कोण मांडी धरतोय ते मला दिसतंच.

गामांना जाऊन साठ वर्षांवर काळ लोटला. घरात एखादा मुलगा अंगाने जरा भरला की आजही आपल्याकडे त्याला कौतुकाने गामा म्हणतात. नाव असं घराघरात पोहोचलं, पण माणूस मागे राहिला. हे आकडे त्या अंगावर कोणी चढवले, किती वर्षांत चढवले आणि कशासाठी चढवले, हे रीलमध्ये कुठे येत नाही. खरी गोष्ट तर तीच आहे.

गामांचं खरं नाव गुलाम मोहम्मद. जन्म २२ मे १८७८ चा, पंजाबात अमृतसरकडच्या जब्बोवाल गावचा. घराणं मूळचं काश्मिरी आणि कुस्तीतलं. वडील मोहम्मद अझीज बक्ष स्वतः नावाजलेले पहिलवान होते. गामा जेमतेम सहा वर्षांचा असताना ते वारले. मग नाना नून पहिलवान यांनी पोराला जवळ घेतलं, पण थोड्याच काळात त्यांचंही छत्र गेलं. शेवटी यतीम मुलाची जबाबदारी आली ती घरातल्याच ईदा पहिलवानांवर. गामाचे पहिले वस्ताद हेच.

ईदांचं नाव आज कुणाला माहीत नाही. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सर्वात महत्त्वाचा माणूस तोच. पहिलवानाच्या पोराला सहाव्या-सातव्या वर्षी जोडीला सोडून, चार लोकांत वाहवा मिळवणं सोपं होतं. त्यांनी मुलाला मेहनतीला लावलं. बैठका, जोर आणि हौद्यातली माती फावड्याने उकरणं. कोवळ्या वयातला त्याचा रोजचा आकडा साधारण ५०० बैठका आणि ५०० जोर असा सांगितला जातो. खुराकाचंही तसंच. लहानपणी दूध, बदाम, फळांचा रस एवढंच. गोश्त आणि यखनी आली ती पंधराव्या वर्षाच्या आसपास, असं सांगतात. मोठ्या पहिलवानाचं ताट लहान मुलापुढे ठेवलं नाही.

मग आलं १८८८ साल. जोधपूरच्या महाराजांनी एक स्पर्धा भरवली. ती कुस्तीची नव्हती, ताकद आणि दम जोखण्याची होती. हिंदुस्थानभरातून चारशेहून अधिक पहिलवान जमले आणि बैठका सुरू झाल्या. एकेक जण बाजूला होऊ लागला. शेवटी मैदानात पंधरा जण उरले आणि त्यात दहा वर्षांचा गामा होता. त्याचं वय पाहून महाराजांनी त्यालाच विजेता ठरवलं. तिथून त्याचं नाव झालं आणि दतियाच्या महाराजांनी त्याला आपल्या आश्रयाला घेतलं.

जोधपूरचा किस्सा सगळ्यांना आवडतो, मलाही आवडतो. पण तो स्पर्धेचा दिवस होता. रोजची मेहनत वेगळी आणि स्पर्धेचा एक दिवस वेगळा, हे तालमीतल्या कोणत्याही वस्तादाला विचारा. परीक्षेच्या दिवशी मुलगा तीन तास न थांबता लिहितो म्हणून आपण त्याला रोज तीन तास पेपर लिहायला बसवत नाही.

आता थोडं गणित करू. दहाव्या वर्षी ५०० बैठका आणि ऐन उमेदीत ५,०००. मधली वर्षं आपण वीस धरू. वाढ झाली ४,५०० ची. म्हणजे वर्षाला २२५, महिन्याला साधारण १९. दिवसाला एक बैठकसुद्धा वाढत नाही! मोठ्या आकड्यामागे इतकी संथ चढण आहे. शरीराला कळू न देता त्याच्यावर ओझं वाढवत नेणं, यालाच जुने लोक मेहनत मुरवणं म्हणत. आता जिममधले शिकलेले ट्रेनर सेट आणि रेप्सच्या भाषेत तेच सांगतात.

दुसरं गणित वेळेचं. मुरलेला पहिलवान मिनिटाला ३० बैठका मारतो असं धरलं, तरी ५,००० बैठकांना पावणेतीन तास लागतात. त्याच वेगाने ३,००० जोरांना आणखी एक तास चाळीस मिनिटं. त्यावर तालमीतल्या चाळीस जणांशी लढत. मग मालिश, खुराक आणि झोप. हे सगळं करायला माणसाला दुसरं काही काम असता कामा नये, आणि गामांना नव्हतंच. ते दरबारी पहिलवान होते. दूध, तूप, बदाम, मालिश करणारे, जोडीला लढणारे, सगळा खर्च संस्थानाचा. व्यायाम स्नायूला मोडतो आणि विश्रांती त्याला बांधते. आपला मुलगा सकाळी कॉलेजला, दुपारी क्लासला, रात्री एकपर्यंत मोबाईलवर. त्याच्या दिवसात मोडायला जागा आहे, बांधायला कुठे आहे?

खुराकाचे आकडे तर आणखी गमतीचे आहेत. कुणी १० लिटर दूध सांगतं, कुणी १५. कुणाच्या हिशोबात बदाम पाऊण किलोच्या आत, कुणाच्या हिशोबात ३ किलो. मोठा आकडा खरा मानून बेरीज केली तर नुसत्या बदामांच्या १७ हजार कॅलरी होतात. दूध गाईचं धरलं तरी साडेनऊ हजारांच्या पुढे आणि अर्धा लिटर तुपाच्या चारेक हजार. एकूण तीस हजारांच्या वर. साध्या माणसाला दिवसाला दोन-अडीच हजार पुरतात. गामांचा खुराक प्रचंड होता यात शंका नाही, पण एका पोटात रोज एवढं जात असेल असं मला वाटत नाही. बहुधा प्रत्येक सांगणाऱ्याने आपल्या मोहब्बतीने थोडी भर घातली आहे.

आणि तरी आपल्याकडे काही घरांत मुलाच्या हट्टापायी महिन्याच्या किराण्यातून पैसे काढून प्रोटीनचा डबा येतो. ५५ किलोचा मुलगा नेटाने व्यायाम करत असेल तर त्याला दिवसाला साधारण ८०-९० ग्रॅम प्रोटीन पुरतं. त्यातला बराच भाग डाळ, चणे, अंडी, दूध, दही आणि घरच्या सालनातून येतो. डबा वाईट असतो असं नाही. पण आधी ताट बघावं.

आता थोडं गंभीर. आमच्या शाळेतल्या दहावीच्या एका मुलाने मित्रांशी पैज लावून एका बैठकीत हजाराच्या घरात बैठका मारल्या. आधी कधी पन्नासही मारल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी त्याच्या मांड्या सुजल्या, गुडघा वाकेना आणि लघवी काळ्या चहासारखी होऊ लागली. वडिलांना वाटलं उष्णता झाली. सरबत दिलं. नशिबाने आईने ऐकलं नाही आणि रिक्षा करून त्याला दवाखान्यात नेलं. सवय नसताना एकदम अती व्यायाम केला की स्नायूंचे तंतू फुटतात, त्यातलं द्रव्य रक्तात उतरतं आणि ते गाळताना मूत्रपिंडावर ताण येतो. कधी कधी मूत्रपिंडं निकामीही होतात. मुलगा सलाईनवर काही दिवस राहून बरा झाला. व्यायामानंतर लघवीचा रंग बदलला तर घरगुती इलाज करत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. हे प्रत्येक आई-बापाला माहीत असलं पाहिजे.

असो. पुन्हा गामांकडे.

१८९५ साली, सतराव्या वर्षी, त्यांनी रहीम बक्ष सुलतानीवाला यांना आव्हान दिलं. रहीम बक्ष गुजरानवालाचे, त्या वेळचे हिंदुस्थानातले सर्वात मोठे पहिलवान. उंची सहा फूट नऊ इंचांची सांगितली जाते. गामा साडेपाच फुटांच्या थोडे वर. आकाराने ही जोड कुणीही लावली नसती. पण रहीम बक्षांचं वय उतरणीला लागलं होतं आणि पोराचा दम चढणीला होता. कुस्ती तासन्‌तास चालली आणि बरोबरीत सुटली.

इथे गामांच्या मेहनतीचं कोडं सुटतं. जुन्या मातीतल्या कुस्तीला घड्याळ नव्हतं. चितपट होईपर्यंत किंवा पंच सोडवेपर्यंत लढायचं. त्यात बुटक्या माणसाला उंच माणसाच्या खाली घुसून, पायांच्या जोरावर त्याला हलवत राहायचं. अशा लढाईला मांड्या दोन तास थकता कामा नयेत. हजारो बैठका या त्या गरजेचं उत्तर होतं. ईदांनी आणि पुढच्या वस्तादांनी त्या मुलाची उंची, त्याचं हाडपेर आणि त्याला पुढे काय करायचं आहे, हे पाहून मेहनत बेतली. ज्याला फक्त दंड आणि छाती भरायची आहे त्याला याची गरज नाही. स्नायूची जाडी वाढवायची तर एका स्नायूला आठवड्यात दहाएक चांगले, नेटाने केलेले सेट हे बरं माप मानलं जातं. नवख्याचं अंग तर त्याहून कमीतही वाढतं. इतक्या कामाला दिवसाचे सात तास लागत नाहीत.

बैठकेचंही प्रत्येकाचं वेगळं असतं. आपली तालमीतली बैठक मारताना टाच उचलली जाते, गुडघा पुढे जातो. बुटक्या, भरलेल्या मांडीच्या माणसाला ती सहज जमते. ज्याच्या मांडीचं हाड लांब आहे तो खाली जाताना पुढे झुकतो आणि त्याची कंबर आधी बोलायला लागते. त्याला बैठक उथळ ठेवावी लागते, पाय जरा रुंद ठेवावे लागतात, किंवा मांडीसाठी दुसरा व्यायाम शोधावा लागतो. गुडघा दुखत असताना आकडा पुरा करणं याला हिंमत म्हणत नाहीत.

शरीरं किती वेगळी असतात याचा एक मोठा अभ्यास २००५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. ५८५ स्त्री-पुरुषांना बारा आठवडे हाताचा एकच ठरलेला व्यायाम दिला. काहींच्या दंडाची जाडी निम्म्याहून अधिक वाढली, तर काहींच्या दंडात काडीचा फरक पडला नाही. ताकदीचंही तेच, कुणाची दुपटीहून अधिक वाढली, कुणाची जिथल्या तिथे. व्यायाम तोच, आठवडे तेवढेच. मित्राचे बायसेप तीन महिन्यांत फुगले आणि आपले नाही म्हणून खचणाऱ्या मुलांना मी हे आवर्जून सांगतो.

गामांच्या स्वतःच्या घरातच याचा दाखला होता. धाकटा भाऊ इमाम बक्ष. त्याच घरातला, त्याच मातीतला, पण बांधा वेगळा. तो गामांपेक्षा उंच होता आणि त्याची ख्याती अंगातल्या ताकदीइतकीच सफाईदार डावांसाठी होती. जाणकारांमध्ये असे लोक होते जे डावपेचांत इमाम बक्षला वरचढ मानत. धाकट्याला थोरल्याची नक्कल करायला लावली असती तर हिंदुस्थानने एक मोठा पहिलवान गमावला असता.

१९०२ चा बडोद्याचा किस्सा इथे सांगितला पाहिजे, कारण तोही रीलमध्ये असतो. गामांनी तिथे एक प्रचंड दगड छातीपर्यंत उचलून काही पावलं नेला असं सांगतात. तो दगड बडोद्याच्या संग्रहालयात ठेवलेला आहे, त्यावर तशी नोंदही कोरली आहे. वजन १,२०० किलो. मी मुलांना एवढंच विचारतो की छोटी मोटारगाडी किती किलोची असते? उत्तर साधारण ८०० ते ९०० येतं. मग मुलं आपणच हसतात. दगडाला हात घातला असेल, कडेवर उभा केला असेल, हलवला असेल, आणि तेसुद्धा लहान काम नाही. दगड आहे, तारीख आहे, गामांची ताकद तर आहेच. बाकी ज्याने त्याने ठरवावं.

१९१० मध्ये गामा, इमाम बक्ष आणि आणखी काही पहिलवान लंडनला गेले. प्रवासाचा खर्च बंगालमधल्या शरत्कुमार मित्र या धनिकाने केला. तो काळ युरोपात डंबेल आणि बारबेलच्या कसरतीचा होता. उंचेपुरे, आखीव अंगाचे मल्ल रंगमंचावर खेळ करायचे आणि लोक तिकीट काढून पाहायचे. त्यांच्यापुढे साडेपाच फुटी, ९० किलोचा गामा. आयोजकांनी उंचीवरून नापसंती दाखवली आणि स्पर्धेत घेतलं नाही. मग गामांनी तिथल्या एका नाट्यगृहातून खुलं आव्हान दिलं. कोणत्याही वजनाच्या तीन मल्लांना अर्ध्या तासात पाडून दाखवतो असं. सुरुवातीला लोकांना ती थापच वाटली.

पहिला पुढे आला बेंजामिन रोलर, अमेरिकन मल्ल आणि पेशाने डॉक्टर. गामांनी त्याला पहिल्यांदा दोन मिनिटांच्या आत पाडलं आणि दुसऱ्यांदा दहा मिनिटांच्या आत. इमाम बक्षने स्वित्झर्लंडच्या जॉन लेमला लोळवलं. आता लंडनचे पेपर जागे झाले.

१० सप्टेंबर १९१० ला शेफर्ड्स बुशच्या स्टेडियममध्ये गामांची गाठ पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झिबिस्कोशी पडली. जॉन बुल पट्टा आणि २५० पौंडांचं इनाम होतं. झिबिस्को गामांपेक्षा चांगलाच जड. पहिल्या मिनिटातच गामांनी त्याला खाली घेतलं. त्याने काय ओळखायचं ते ओळखलं आणि मग तो जमिनीला चिकटून राहिला. दोन तास पस्तीस मिनिटं गामा त्याला उलटवायचा प्रयत्न करत होते आणि तो उलटत नव्हता. प्रेक्षक कंटाळले. कुस्ती अनिर्णित राहिली. पुढची तारीख १७ सप्टेंबर पडली, त्या दिवशी झिबिस्को आलाच नाही आणि गामा विजयी ठरले.

त्या दोन तास पस्तीस मिनिटांकडे मी थोडं वेगळ्या नजरेने बघतो. दम संपला असता तर जड माणसाने त्यांना दाबलं असतं. दम संपला नाही, कारण पंचवीस-सव्वीस वर्षांची मेहनत त्याच कामासाठी झाली होती. पण जमिनीला चिकटलेल्या माणसाला उलटवणं हे वेगळ्या तऱ्हेचं काम होतं. आपल्या मातीत असं नुसतं पडून राहणारा मल्ल गामांच्या वाट्याला फारसा येत नसे. अंग कितीही तयार असो, ते ज्या कामाला तयार केलं तेच काम ते चोख करतं.

परत आल्यावर अलाहाबादेत रहीम बक्षांशी शेवटची लढत झाली. आधीच्या लढती बरोबरीत सुटल्या होत्या. या वेळी बराच वेळ झुंजल्यावर रहीम बक्षांना बरगडीला दुखापत झाली आणि गामा रुस्तम-ए-हिंद झाले. पुढे कधी कुणी गामांना तुम्हाला सर्वात भारी कोण गेलं असं विचारलं, तर ते रहीम बक्षांचंच नाव घेत.

आपल्या मराठी मुलखाशी या घराण्याचा धागा कोल्हापुरात जुळतो. शाहू महाराजांना कुस्तीचा किती शौक होता हे वेगळं सांगायला नको. पंजाबातल्या मुसलमान पहिलवानांना त्यांनी मानाने बोलावलं, आश्रय दिला. १९१२ मध्ये खासबागचं मैदान बांधून झालं आणि तिथल्या सुरुवातीच्या मोठ्या कुस्तीत इमाम बक्ष उतरला होता. कोल्हापूर, सांगलीच्या तालमींत पंजाबी डाव मुरले ते या येण्या-जाण्यातून. तिथे अजूनही नवा पोर आला की वस्ताद त्याला आधी नुसता उभा करून बघतात, चालायला लावतात, मग सांगतात किती जोर आणि किती बैठका. शेजारच्या पोराला दिलेला आकडा त्याला मिळेलच असं नाही. आणि विचारायची सोय तर नाहीच.

१९२२ मध्ये इंग्लंडचे युवराज हिंदुस्थानात आले तेव्हा त्यांनी गामांना चांदीची गदा दिली. गामा तेव्हा पतियाळा दरबारात होते. १९२८ च्या जानेवारीत पतियाळ्याच्या महाराजांनी झिबिस्कोला पुन्हा बोलावलं. गामा पन्नाशीला टेकलेले, झिबिस्कोही तेवढाच. हजारोंची गर्दी लोटली होती. लंडनला अडीच तासांत जे झालं नव्हतं ते इथे मिनिटाच्या आत झालं. माती होती, आपला हौदा होता, आणि पडून राहायला झिबिस्कोला वेळच मिळाला नाही. त्यानंतर लोक त्यांना रुस्तम-ए-जमाँ म्हणू लागले. पुढच्या वर्षी जेसी पीटरसन आला, तोही दीड-दोन मिनिटांत गेला. मग गामांपुढे उभं राहायला कुणी उरलं नाही.

१९४७ ला गामा लाहोरात होते. मोहनी रोडवर त्यांचं घर होतं आणि त्या गल्लीत हिंदू कुटुंबं राहत होती. जमाव आला तेव्हा गामा आणि त्यांचे पठ्ठे दारात उभे राहिले आणि त्यांनी कुणाला आत येऊ दिलं नाही, असं लाहोरचे लोक सांगत आले आहेत. नंतर शेजाऱ्यांना सरहद्दीपर्यंत पोचवायचीही व्यवस्था त्यांनी आपल्या खिशातून केली. तेव्हा ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते.

फाळणीने संस्थानं गेली, आश्रयही गेला. मुलगे त्यांच्या डोळ्यांदेखत अल्पवयात गेले. शेवटची वर्षं आजारपणात आणि तंगीत गेली. हृदयाचा विकार होता. हिंदुस्थानातून घनश्यामदास बिर्लांनी मदत पाठवली, पाकिस्तान सरकारनेही काही दिलं. २३ मे १९६० ला, वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, गामा गेले. वय ८२.

विद्या मात्र घरात राहिली. इमाम बक्षचे मुलगे भोलू, अस्लम, अक्रम, गोगा हे सगळे पहिलवान झाले आणि भोलू बंधू म्हणून गाजले. भोलूच्या मेहनतीवर गामांनी स्वतः लक्ष दिलं. भोलूचं अंग काकांसारखं आटोपशीर नव्हतं, तो उंच आणि भारदस्त होता, पाकिस्तानचा विजेता झाला. अक्रम १९७६ मध्ये कराचीत जपानच्या अँटोनियो इनोकीकडून खांदा निखळून हरला. तीन वर्षांनी अस्लमचा तरुण मुलगा झारा इनोकीपुढे उभा राहिला. त्या लढतीनंतर इनोकीने भर मैदानात झाराचा हात वर केला.

गामांच्या मेहनतीची कीर्ती दूर हाँगकाँग-अमेरिकेपर्यंत गेली. ब्रूस लीने त्यांच्याबद्दल वाचलं आणि जोर-बैठका आपल्या व्यायामात घेतल्या. त्याचं वजन साठ-पासष्ट किलोच्या घरात आणि लढायची तऱ्हा लाथा-बुक्क्यांची. म्हणून सोबत धावणं, दोरीवरच्या उड्या आणि वजनंही होती. त्याने गामांचा व्यायाम घेतला आणि आपल्या अंगाला बसवून घेतला.

पतियाळ्याच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या संग्रहालयात गामांची हसली ठेवलेली आहे. दगडाचं कडं, मधे भोक, गळ्यात घालून बैठका मारायची. वजन ९५ किलो. आणि हो, दहाव्या वर्षी ती त्यांच्या गळ्यात कुणी घातली नव्हती.